रामनगरची लीला आणि मोठ्या खेळाचे माप

व्हिडिओ गेमच्या धंद्यात मोठ्या खेळांना लावायचे ‘ट्रिपल ए’ हे बिरूद १९९०च्या दशकात रुळले. ते लावायचे कशावरून, विक्रीवरून की खर्चावरून, हा वाद अजून मिटलेला नाही. काशीच्या रामलीलांचा इतिहास पाहिला तर तो सोडवता येतो, असे मला वाटते. वाराणसीतला नाटी इमलीचा भरतमिलाप काही मिनिटांत आटोपतो, पण भावाभावांची ती गळाभेट पाहायला लाखोंची गर्दी लोटते. गंगेपलीकडची रामनगरची लीला अनंत चतुर्दशीपासून ३१ दिवस चालते. लोकांच्या ओढीत भरतमिलाप तसूभरही उणा नाही. तरीही मोठी निर्मिती म्हणायची ती रामनगरचीच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेश उदितनारायण सिंह यांनी ही लीला भरभराटीला आणली आणि ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी तिचा विस्तार केला. त्यांनी नाटकगृह बांधले नाही, सगळे गावच रंगभूमी केले. अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, पंचवटी, लंका अशी ठिकाणे दूरदूर नेमली. तिथला तलाव क्षीरसागर होतो आणि प्रेक्षक रामामागून चालत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात. ध्वनिक्षेपक नाही, उजेड मशालींचा आणि पेट्रोमॅक्सचा. राम, सीता आणि भाऊ होणाऱ्या मुलांची तालीम आधीपासून सुरू असते. तिकीट नाहीच. म्हणजे पहिला प्रेक्षक येण्याआधी सारा खर्च झालेला, आणि मागे उभ्या असलेल्याला अर्धे संवाद ऐकूही येत नाहीत. गेमचेही तसेच. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या गेमसाठी कित्येक वर्षे शेकडो हात राबले, आणि त्यातले कितीतरी कोपरे बहुतेक खेळणारे पाहतही नाहीत. कोणा एकाला पुरते न दिसणारे जग आधी पैसा ओतून उभे करण्याची ऐपत, हेच माझ्या मते खरे माप. ‘माइनक्राफ्ट’ हा गेम अफाट विकला गेला, पण त्याची सुरुवात एकट्या माणसाने केली. तो भरतमिलापाच्या जातीचा.

भक्तीला धंद्याच्या तराजूत घालता का, असे कोणी विचारील. भक्ती मी तोलत नाही, उभारणी तोलतो. राजाला खर्च वसूल करायचा नव्हता, कंपनीला करायचा असतो, हा फरक मोठा आहे. दुसरा आक्षेप पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ (२०२०) या गेमवरून घेता येईल. देखणा, पुराणकथांवर उभा, जगभर नावाजलेला. मग तो मोठा का नाही? कारण तो मोजक्या माणसांनी, तुटपुंज्या पैशात केला. त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही, उलट मला ते जास्तच वाटते.

सर्वांत अवघड आक्षेप रामनगरातलाच आहे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, पुढे तनखेही गेले, तरी लीला तेवढीच राहिली. मग पैशाला महत्त्व काय? सरकारी मदत आली हे खरे, पण तेवढ्याने भागले नसते. तलाव, बागा, मैदाने, घोटून पक्के झालेले संवाद आणि पुतळे बांधणारी मुस्लिम कारागिरांची घराणी, हे सगळे शतकभर आधी घातलेले भांडवल होते. गेमच्या कंपन्या जुने इंजिन आणि जुने नकाशे पुढच्या भागात वापरतात, तेही याच हिशेबाने.