काखेतील केस काढताना : दमट हवामानात घ्यावयाची काळजी

मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेच्या भागांत अंगावरील घाम लवकर वाळत नाही. काखेत त्वचेवर त्वचा घासते. त्यातच वस्तरा फिरवल्यास त्वचेचा वरचा थर खरवडला जाऊन जळजळ होते व पुरळ उठते. सूक्ष्म जखमांतून जंतूंचा शिरकाव झाल्यास केसतूड होते.

हे टाळण्यासाठी स्नानाच्या शेवटी, केस मऊ झाल्यावर, फेस लावूनच केस काढावेत. काखेतील केस निरनिराळ्या दिशांना वाढतात. म्हणून हात वर करून त्वचा ताणावी आणि वाढीच्या दिशेनेच हलके पाते फिरवावे. पाते पाच ते सात वेळा वापरल्यावर बदलावे, कोरडे ठेवावे व दुसऱ्याचे वापरू नये.

केस रात्री काढणे सोयीचे ठरते. त्वचेस घामापासून काही तास विश्रांती मिळते. त्यानंतर लगेच तुरटी किंवा अल्कोहोलयुक्त सुगंधी द्रव्य लावू नये. सैल सुती कपडे वापरावेत. पुरळ असल्यास ते बरे होईपर्यंत केस काढू नयेत.

खाजेवर स्वतःच्या मनाने स्टेरॉइडयुक्त मलम लावणे धोक्याचे आहे. त्याने त्वचा पातळ होते आणि नायटा असल्यास तो बळावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली. वारंवार दुखऱ्या गाठी, पू किंवा ताप आल्यास, तसेच मधुमेह असल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आरोग्यासाठी काखेतील केस काढणे अनिवार्य नाही. कात्रीने बारीक केले तरी पुरते.