‘अंतिम परिणाम’ ते मानांकन : रुग्णसेवेच्या गुणवत्ता-व्यवस्थापनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रुग्णालयाची गुणवत्ता कशावरून ठरवावी, हा प्रश्न आज व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. इमारत, खाटा, यंत्रसामग्री व प्रशिक्षित मनुष्यबळ यांवरून ती ठरवावी, की उपचारानंतर रुग्णाचे काय झाले यावरून? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील बोस्टन शहरात या प्रश्नावरून तीव्र संघर्ष झाला. त्या संघर्षातून आधुनिक रुग्णालय-मानांकन कसे घडले आणि या प्रक्रियेत मूळ विचाराचा कोणता भाग मागे पडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कॉडमन यांची ‘अंतिम परिणाम’ संकल्पना :

अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन (१८६९-१९४०) हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सक होते. त्यांची मांडणी अत्यंत साधी होती. रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर पुरेसा काळ पाठपुरावा करावा, उपचार यशस्वी झाला की नाही हे तपासावे आणि झाला नसल्यास त्याचे कारण शोधावे. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे खाजगी रुग्णालय सुरू करून हा विचार प्रत्यक्षात आणला. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले.

येथे चुकांच्या संख्येपेक्षा त्यांचे वर्गीकरण अधिक महत्त्वाचे आहे. तांत्रिक ज्ञान वा कौशल्याचा अभाव, शल्यचिकित्सेविषयीच्या निर्णयातील दोष, काळजी वा साधनांची उणीव आणि रोगनिदानातील त्रुटी असे चुकांचे प्रकार त्यांनी केले. आटोक्यात न येणारा आजार, रुग्णाने उपचारास दिलेला नकार आणि शल्यचिकित्सेतील अटळ आपत्ती या गोष्टी त्यांनी स्वतंत्र ठेवल्या. गंभीर रुग्ण दगावल्यास डॉक्टर नाहक दोषी ठरेल, हा आक्षेप परिणाम जाहीर करण्याविरुद्ध नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर या वर्गीकरणातच होते.

संघर्ष आणि बहिष्कार :

रुग्णालयातील पदोन्नती ज्येष्ठतेऐवजी परिणामांवर आधारित असावी, असा कॉडमन यांचा आग्रह होता. ज्येष्ठतेच्या पद्धतीच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये बोस्टन येथील वैद्यकीय सभेत त्यांनी एका मोठ्या व्यंगचित्राचे अनावरण केले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग म्हणजे शहरातील धनिक समाज. तो डॉक्टरांकडे सोन्याची अंडी ढकलतो. आणि त्याला खरे परिणाम दिसले तर अंडी मिळणे थांबेल की काय, ही चिंता वैद्यकीय प्रतिष्ठितांना सतावते, असे ते चित्र होते. सभेत गदारोळ झाला. सभेचे अध्यक्षपद आणि हार्वर्डमधील अध्यापकपद कॉडमन यांना गमवावे लागले.

किमान मानके आणि जाळलेली यादी :

कॉडमन एकाकी पडले, तरी त्यांनी चालना दिलेले मानकीकरणाचे कार्य थांबले नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१७ मध्ये रुग्णालयांसाठी ‘किमान मानके’ तयार केली. संघटित वैद्यकीय वर्ग, त्याची पात्रता, कामाच्या आढाव्यासाठी नियमित बैठका, अचूक रुग्णनोंदी तसेच प्रयोगशाळा व क्ष-किरण सुविधा या त्यातील प्रमुख अपेक्षा होत्या. १९१८ मध्ये शंभर वा त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली. त्यांपैकी केवळ ८९ रुग्णालये, म्हणजे सुमारे १३ टक्के, या साध्या अपेक्षा पूर्ण करू शकली. अपात्र ठरलेल्यांत नामांकित संस्थाही होत्या. १९१९ मध्ये न्यूयॉर्क येथील परिषदेच्या वेळी, ही यादी वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून, ती हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली.

या घटनेत पुढील इतिहासाचे सूत्र दडलेले आहे. किमान मानकांनी नोंद स्वीकारली, पाठपुराव्याची अपेक्षाही नोंदीत समाविष्ट केली. मात्र परिणाम समाजासमोर मांडण्याचे दायित्व वगळले. या तडजोडीला निव्वळ भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. गोपनीयतेच्या हमीमुळेच रुग्णालये तपासणीस तयार झाली आणि १९५० पर्यंत मान्यताप्राप्त रुग्णालयांची संख्या तीन हजारांपलीकडे गेली. पुढे हेच कार्य १९५१ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त आयोगाकडे आले. १९६६ मध्ये अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी गुणवत्तेची त्रिसूत्री मांडली, तेव्हा कॉडमन यांच्या प्रश्नाला पुन्हा सैद्धांतिक प्रतिष्ठा लाभली.

भारतीय संदर्भ :

भारतात २००५-०६ च्या सुमारास ‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मानांकन मंडळाचे कार्य सुरू झाले. सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके आली. त्यांतील आठ क्षेत्रांपैकी शेवटचे क्षेत्र ‘परिणाम’ हे आहे, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि तपासणीच्या दिवसापुरती नोंदवह्या पूर्ण करण्याची वृत्ती बळावल्यास हे क्षेत्रही कागदोपत्री राहण्याचा धोका संभवतो. नोंदवही पूर्ण असणे आणि रुग्ण बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष :

मानांकनाचा इतिहास हा केवळ प्रगतीचा आलेख नाही; तो एका तडजोडीचाही इतिहास आहे. रचना व प्रक्रिया यांची तपासणी संस्थांना सोयीची वाटली, परिणामांची जाहीर चिकित्सा अडचणीची वाटली. म्हणून गुणवत्ता-सुधारणेची खरी कसोटी प्रमाणपत्र मिळविण्यात नसून, प्रतिकूल परिणामाची कारणे निर्भयपणे नोंदविणाऱ्या व्यक्तीला संस्था कोणती वागणूक देते, यात आहे. कॉडमन यांना पद गमवावे लागले. त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या आजच्या डॉक्टर वा परिचारिकेवर ती वेळ येऊ नये, इतकी व्यवस्था उभी करणे ही गुणवत्ता-व्यवस्थापनाची पहिली पायरी ठरते.