भिंगावरचे ओरखडे

चष्म्याच्या काचेवर ओरखडा उमटला की दंतमंजनाची वा खाण्याच्या सोड्याची चिमूट बोटावर घेऊन ती घाशीत बसण्याचा जो उद्योग घरोघर चालतो, तो मुळात भिंगकारांच्या सातशे वर्षांच्या कसबाची अखेरची पायरी होय; मात्र तिच्या आधीच्या साऱ्या पायऱ्या त्यातून गळून गेलेल्या आहेत.

इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा जन्मास आला, तेव्हा भिंगास स्फटिकच प्रशस्त मानीत, आणि काच स्फटिक म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यास व्हेनिसच्या स्फटिककारांच्या श्रेणीने १३०० साली सक्त मनाई केली. या ताकिदीत सचोटीची चाड होती, तसे तिला पदार्थधर्माचेही पाठबळ होते, असे मला वाटते. धुळीतील वाळूचे कण स्फटिकाच्याच जातीचे, काठिण्याच्या मापात ७. काच जेमतेम साडेपाच. तंजावरजवळच्या वल्लम येथील स्फटिकाची भिंगे आपल्या देशात दीर्घकाळ नावाजली गेली, ती या टणकपणामुळेही.

काच मात्र स्वस्त, म्हणून अखेर तिचाच अंमल बसला. धातूच्या खोलगट साच्यात वाळू वा कुरुंदाची पूड ओली करून भिंग घासावयाचे, पूड उत्तरोत्तर बारीक घ्यावयाची, जेणेकरून आधीच्या पुडीचे ओरखडे पुढची पूड नाहीसे करील, आणि शेवटी त्रिपोली माती किंवा कथलाची भस्मपूड लावून झिलई द्यावयाची, असा तो शिरस्ता होता. तत्त्वज्ञ स्पिनोझा याच धंद्यावर गुजराण करी. १६७७ साली, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने तो निवर्तला, आणि काचेच्या धुळीने ते दुखणे बळावले असावे असा तर्क अनेकांनी केला आहे. ओरखडा पुसला जात नसतो. त्याच्या तळापर्यंत भोवतालची काच झिजवावी लागते, आणि तसे करताना भिंगाचा बाक अबाधित राखण्याचे काम साचा करतो. बोटाला साचा नसल्यामुळे घासलेल्या जागी खळगा पडतो व तेथून अक्षरे हेलकावे खातात.

१९४७ च्या सुमारास अमेरिकेत प्लास्टिकची भिंगे आली, काचेच्या निम्म्या वजनाची, पण फार मऊ. म्हणून पुढे त्यांवर कठीण लेप चढविण्याची तजवीज झाली. हा लेप केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. मंजनातील खडूची वा सिलिकाची पूड ओरखडा भरून काढीत नाही. उलट हा लेपच खरवडून काढते आणि एका रेघेच्या जागी धूसर डाग ठेवून जाते.

वाचकांनी एवढेच करावे: भिंग सदऱ्याच्या टोकाने कोरडे न पुसता आधी पाण्याखाली धरावे, म्हणजे वाळूचे कण वाहून जातील, आणि नजरेच्या आड येणारा ओरखडा पडलाच, तर मंजन दातांसाठी राखून चष्मेवाल्याकडून नवे भिंग बसवून घ्यावे.