माडगे, हुलग्याचे

हुलग्याच्या भाजलेल्या पिठात गूळ, सुंठ आणि वेलदोडा घालून पाण्यात शिजवलेले, वरून दूध व तूप सोडून गरम गरम प्यायचे घरगुती पेय. सोलापूर जिल्हा, त्याच्या शेजारचा मराठवाडा आणि सांगली-साताऱ्याकडचा दुष्काळी पट्टा हा त्याचा मुख्य मुलूख. बोलीत ‘माडगं’ म्हणतात. माडगे पातळ असते आणि ते वाटीला तोंड लावून भुरकायचे असते. चमचा लागण्याइतके घट्ट झाले की ती खीर झाली, माडगे नव्हे. हॉटेलात ते सहसा मिळत नाही, लग्नाच्या पंगतीत वाढत नाहीत आणि सणाच्या ताटातही त्याला जागा नाही. पाहुण्याला चहा देतात आणि घरच्यांना माडगे.

पावसाची झड लागून घरात दमट गारवा पसरला, कोणाचे नाक गळू लागले किंवा रानात रात्रीचे पाणी धरून माणूस पहाटे गारठून घरी आला, की माडग्याची आठवण होते. सोलापूरच्या थंडीला कडाका असा नाहीच. जानेवारीतही सरासरी किमान तापमान 15-16 अंशांच्या खाली फारसे जात नाही. पण उन्हाळाभर चाळिशीच्या आसपासच्या उन्हाची सवय झालेल्या अंगाला तेवढा गारवाही बोचतो. कार्तिकी एकादशीपासून संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपर्यंतचे दिवस हाच माडग्याचा खरा हंगाम. हुरड्याचे दिवसही हेच. त्यामुळे शहरातून गावी गेलेल्यांना दिवसा हुरडा मिळतो आणि संध्याकाळी, आजीच्या मनात आले तर, माडगे.

हुलगा म्हणजेच कोकणातला कुळीथ; शास्त्रीय नाव मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम. सोलापूर हे तीन भाषांचे गाव असल्याने एकाच बाजारात या धान्याला कानडी घरांतली माणसे हुरळी म्हणतात आणि तेलुगू घरांतली उलवलू. पीक अत्यंत काटक. जिथे तूर धड येत नाही आणि ज्वारीचे कणीस भरत नाही, अशा बरड, मुरमाड माळावरही हुलगा तीन-साडेतीन महिन्यांत पदरात दाणा टाकतो. पेरणी लांबली तरी तो कुरकुरत नाही आणि हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधून ठेवत असल्याने जमिनीकडे खतही मागत नाही. दाणे झोडून उरलेले भुसकट जनावरे आवडीने खातात. सोलापुरात 1933 मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुलग्याच्या ज्या जातींची शिफारस केली, त्यांत ‘सीना’ आणि ‘माण’ आहेत. दोन्ही नावे याच जिल्ह्यातून वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्यांची. नावे ठेवणाऱ्याला पिकाचा स्वभाव नीट कळला होता, असे म्हणायला हरकत नाही.

मानाच्या बाबतीत मात्र हुलगा कायम मागे राहिला. दक्षिणेत तो घोड्यांचा खुराक होता. बैलाला औताच्या दिवसांत उकडलेले हुलगे चारायचे. जनावराच्या ताकदीसाठी ज्याच्यावर भरवसा, तेच धान्य माणसाच्या ताटात कमीपणाचे, अशी ही गंमत. त्यात 1980 च्या सुमारास भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी आले, उसाचे मळे उभे राहिले आणि हुलग्याचा माळ आक्रसत गेला. माडगे मागे पडले याचा दोष चहाला दिला जातो; तो अर्धाच खरा. स्वयंपाकघरातून जाण्याआधी ते रानातून गेले. घरचे हुलगे होते तोवर माडगे फुकटात पडे. आता पावशेर हुलगे विकत आणावे लागतात.

माडग्याची कृती सोपी आहे, पण तिच्यातला क्रम चुकवून चालत नाही. हुलगे आधी परातीत पसरून निवडायचे. दाणा चपटा आणि विटकरी-तपकिरी असतो, मुरमाचा खडाही नेमका त्याच रंगाचा आणि त्याच मापाचा. म्हणून हे काम उजेडात बसून करायचे. निवडलेले हुलगे लोखंडी तव्यावर किंवा कढईत मंद आचेवर भाजतात. सुरुवातीला हिरवट, उग्र वास येतो. तो जाऊन खमंग वास सुटला, दाणे तडतडू लागले आणि दोन बोटांत चिरडल्यावर साल सुटून आली, की भाजणे पुरे झाले. घाई करून आच वाढवली तर साल करपते आणि आत दाणा कच्चाच राहतो. अशा पिठाचे माडगे घशाला कडवट लागते. भाजण्याने केवळ चव सुधारते असे नाही. कच्च्या हुलग्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णतेने बरेचसे निष्प्रभ होतात. भाजलेले हुलगे जात्यावर भरडून, सुपात पाखडून टरफले काढतात आणि उरलेली डाळ बारीक दळतात. शहरात हे सगळे मिक्सरवर होते आणि चाळणीने काम भागते. काही घरांत टरफलासकट दळतात. त्याचा रंग काळपट येतो, चव रांगडी होते आणि पोटाला ते थोडे जड जाते.

चार माणसांसाठी चार मोठे चमचे पीठ, चार कप पाणी, एक कप दूध आणि शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर गूळ हे माप पुरते. पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचे. इथेच बहुतेकांचे बिघडते. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले की प्रत्येक गोळीचा बाहेरचा पिष्टाचा थर तत्क्षणी फुगून चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच कोंडले जाते. मग कितीही घोटा, गुठळी फुटत नाही. गार पाण्यात कालवलेले पीठ मात्र उरलेल्या पाण्यात गूळ विरघळून उकळी फुटल्यावर बारीक धारेने सोडले आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत ठेवली की एकजीव होते. गुळाचे पाणी आधी गाळून घ्यावे, कारण गुळात काड्या आणि वाळू असते.

यानंतर सात-आठ मिनिटे मंद आचेवर शिजू द्यायचे. शिजले की नाही हे दिसण्यावरून कळते: आधी पळीवरून पाण्यासारखे निथळणारे मिश्रण पळीच्या पाठीवर पातळ साय धरू लागते आणि कडेला येणारा पांढुरका फेस विरतो. आता अर्धा चमचा सुंठपूड, तीन-चार वेलदोड्यांची पूड, किसणीवर दोनदा फिरवलेले जायफळ आणि चिमटीभर मीठ. मीठ विसरू नये; ते नसेल तर गूळ नुसता गोड लागतो, रुचकर लागत नाही. ओल्या आल्याने काम चालते, पण चव वेगळी येते. आले वाळताना त्यातली तिखट द्रव्ये बदलतात आणि अधिक झणझणीत होतात. सुंठीचा जाळ घशात उशिरा लागतो आणि टिकतो. माडग्याला हाच जाळ हवा.

दूध सर्वांत शेवटी, पातेले चुलीवरून उतरवल्यावर आणि तेही आधी तापवलेले. गूळ किंचित आंबट असतो, त्याच्याबरोबर दूध उकळले तर फाटते. गुळाचा चहा फाटल्याचे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. वाटीत ओतल्यावर अर्धा चमचा साजूक तूप. कोणी वरून भाजलेले खोबरे आणि खसखस कुटून घालतात. त्याने माडगे श्रीमंत होते, पण हुलग्याची चव दबते. गार झालेले माडगे घट्ट होऊन बसते. ते पुन्हा पातळ करताना गार नाही, गरम पाणी घालावे.

तिखट माडगेही करतात. त्यात गूळ-दुधाऐवजी ताक, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर असते. ताक घातल्यावर खळखळून उकळू द्यायचे नाही, नुसते गरम करायचे. तापातून उठलेल्या माणसाला गोडाची शिसारी असते, त्याला हे बरे वाटते. कोकणातली कुळथाची पिठी हे याचे जवळचे नातलग; पण ती भाताबरोबर जेवायची, प्यायची नव्हे. आंध्र-तेलंगणातले उलवचारू हुलग्याच्या पिठाचे नसून हुलगे तासन्‌तास शिजवून काढलेल्या पाण्याचे करतात. बैलांसाठी हुलगे शिजवायचे आणि त्यांचे पाणी माणसांनी आटवून भाताशी खायचे, ही त्याची जुनी रीत. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे हुलग्याची ही दोन घराणी एकाच शहरात नांदतात. हुलग्याचे शेंगोळे मात्र या नोंदीत येत नाहीत. ते जेवण आहे.

आयुर्वेदात कुलत्थ उष्ण मानला आहे. कफ, खोकला, उचकी आणि मूतखडा यांवर त्याचा उपयोग जुन्या ग्रंथांत सांगितला आहे. त्यावरून ‘माडगे प्या, मुतखडा विरघळवा’ असा प्रचार हल्ली जोरात असतो, तो मनावर घेऊ नये. मुतखडे अनेक प्रकारचे असतात, दुखू लागले की सोनोग्राफी करून डॉक्टरांना विचारणे हाच मार्ग. सर्दीत माडग्याने बरे वाटते हे खरे. गरम वाफ, घशाला शेकणारी सुंठ आणि पोटात गेलेला आधार यांनी ते वाटते; विषाणूवर त्याचा परिणाम होतो असे नाही. अन्न म्हणून मात्र हुलगा भक्कम आहे. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, शिवाय लोहही चांगले. पण एका वाटी माडग्यात पीठ जेमतेम दहा ग्रॅम जाते आणि गूळ त्याच्या दुपटीहून जास्त, हा हिशेब मधुमेह असणाऱ्यांनी विसरू नये. गूळ ही साखरच आहे. गरोदर बाईला हुलगा उष्ण पडतो म्हणून जुन्या बायका देत नाहीत.

गोड, गरम आणि मसाल्याचे थंडीतले पेय ही कल्पना जगभर आहे. युरोप-अमेरिकेत सफरचंदाचा रस दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या सालीबरोबर तापवून पितात. माडग्याचा खरा चुलतभाऊ मात्र मेक्सिकोत आहे. तिथले आतोले मक्याच्या पिठाचे करतात, त्यात उसाचा न शुद्ध केलेला गूळ आणि दालचिनी घालतात आणि पहाटे गरम पितात. पीठ, गूळ, मसाला, पाणी हेच गणित.  कोरडवाहू मुलखातल्या गरिबाच्या चुलीने दोन्हीकडे आपापला तोच तोडगा काढला.

फळाचे गरम पेय सोलापुरात करायचेच झाले तर सफरचंद बाहेरचे. ते काश्मीर आणि हिमाचलातून येते, मार्केट यार्डात पावसाळ्याच्या अखेरीपासून त्याची आवक वाढते. दोन सफरचंदे सालीसकट किसून, तीन कप पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा आणि चार लवंगांबरोबर वीस मिनिटे शिजवून, फडक्यातून पिळून गाळले आणि चवीपुरता गूळ घातला की झाले. सालीतल्या पेक्टिनमुळे त्याला थोडा दाटपणा येतो, पण पोटाला आधार नसतो. घरचे फळ म्हणजे डाळिंब. ‘सोलापूर डाळिंबा’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहराजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तरीही डाळिंबाचा रस उकळू नये. त्याचा लाल रंग उष्णतेने मळतो आणि चव बोथट होते. सुंठ आणि दालचिनीचा वेगळा काढा करून तो कोमट झाल्यावर रसात मिसळावा. मेहनत तेवढीच आणि खर्च माडग्याच्या कितीतरी पट.

हुलग्याचे तयार पीठ आता बचत गटांकडे आणि काही किराणा दुकानांत मिळते. ते आणल्यावर एकदा नाकाशी धरावे. हिरवट वास आला तर दाणे नीट भाजलेले नाहीत असे समजून चमचाभर तुपावर पीठ पुन्हा परतून घ्यावे, मगच वापरावे. घरी करायचे असेल तर हुलगे अख्खेच साठवावेत आणि महिनाभर पुरेल एवढेच भाजून दळावेत. जास्त दिवस राहिलेल्या पिठाला खवट वास येतो आणि पावसाळ्यात त्यात अळ्या होतात.