निकाल खिशात असलेला माणूस

विल्शायर बुलेव्हार्डवर गाड्यांची रांग लागली आहे. तारीख २९ फेब्रुवारी १९४०. ॲम्बॅसिडर हॉटेलच्या दाराशी फ्लॅशचे बल्ब फटाफट उडताहेत, फरचे कोट झळकताहेत आणि तुम्ही गर्दीत खांदा घालून उभे आहात. आज ऑस्करची रात्र आहे. इथे जमलेल्या प्रत्येकाला उद्याची चिंता आहे, तुम्हाला नाही. तुम्ही उद्याच्या कितीतरी पलीकडून आला आहात. 'गॉन विथ द विंड'ला काय मिळणार, क्लार्क गेबलला काय मिळणार नाही, सगळं पाठ आहे. कोणी पैज लावायला तयार असेल तर अंगावरचा कोटसुद्धा लावायची तुमची तयारी आहे.

तेवढ्यात 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा पावणेनऊचा अंक येतो. शेजारचे टक्सिडोवाले गृहस्थ तो उघडतात, तुम्ही त्यांच्या खांद्यावरून डोकावता आणि तुमची सगळी ऐट तिथल्या तिथे उतरते. विजेत्यांची नावं छापून आली आहेत. समारंभ व्हायचा आहे, जेवणाची पानं मांडून तयार आहेत, आणि निकाल दारातच हातोहात फिरतो आहे.

झालंय असं, की अकादमी गेली काही वर्षं वर्तमानपत्रांना विजेत्यांची यादी आधीच देत आली. अट एकच, की रात्री अकराच्या आत छापायची नाही. म्हणजे समारंभ उरकेल आणि सकाळी वाचकाच्या हाती ताजी बातमी पडेल. यंदा एका वर्तमानपत्राने शब्द पाळला नाही, एवढंच.

तुम्ही आत शिरता. ककोनट ग्रोव्ह नावाचा तो प्रसिद्ध दिवाणखाना. खोटी माडाची झाडं, त्यांवर खोटी माकडं. कोकणातल्या माणसाला हसू आवरणार नाही. बॉब होप पहिल्यांदाच सूत्रसंचालन करतो आहे. विनोद पडताहेत, लोक हसताहेत, पण ज्या थराराने माणूस खुर्चीच्या कडेला येऊन बसतो तो गायब आहे. सर्वोत्कृष्ट अभिनेता रॉबर्ट डोनाट, 'गुडबाय, मिस्टर चिप्स'साठी. हे गेबललाही कळलेलं असणार. भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलाशी हॅटी मॅकडॅनियल बसली आहे, आपल्या चित्रपटाच्या बाकी मंडळींपासून वेगळी. हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही. तिला आत घ्यावं म्हणून निर्माता डेव्हिड सेल्झनिकला शब्द टाकावा लागला. थोड्या वेळाने ती ऑस्कर जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होईल. तिच्याच चित्रपटातली ऑलिव्हिया द हॅविलंड त्याच गटात हरेल, आणि मॅकडॅनियल पुन्हा त्याच भिंतीलगतच्या टेबलाशी जाऊन बसेल. निकाल आधी कळून तुमच्या हाती काय लागलं, हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदा इथे टोचतो. कोण जिंकणार ते छापलेलं होतं. मतदारांनी तिला मत दिलं आणि हॉटेलाने तिला भिंतीशी बसवलं, या दोन गोष्टी एकाच गावात एकाच रात्री कशा नांदतात, ते त्या अंकात नव्हतं.

पुढच्या वर्षापासून अकादमी निकाल बंद लिफाफ्यात ठेवू लागली. मोजणी प्राइस वॉटरहाउसकडे आधीपासून होतीच. आता गुपितही त्यांच्याकडे गेलं. माझ्या मते ऑस्करच्या भाकितांचा सगळा पसारा त्या लिफाफ्याच्या पोटी जन्मला. पहिल्या समारंभाला, १९२९ साली, विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झालेली होती आणि बक्षीसवाटप पंधरा मिनिटांत आटोपलं होतं. तिथे कोण कशाला अंदाज बांधेल?

त्याच हॉटेलात सहा वर्षं मागे जरा डोकावा. १६ मार्च १९३४. दिग्दर्शनाचं पारितोषिक विल रॉजर्स जाहीर करताहेत आणि नाव पुकारताना म्हणतात, फ्रँक, ये आणि घेऊन जा. फ्रँक काप्रा उठतो, टेबलांमधून वाट काढत नाचाच्या मोकळ्या जागेपर्यंत पोचतो, आणि प्रकाशझोत भलत्याच बाजूला उठलेल्या फ्रँक लॉइडवर पडतो. काप्राने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. परत आपल्या खुर्चीपर्यंत चालत जाणं किती लांब वाटलं, हे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं. वर्षभरात त्याचा 'इट हॅपन्ड वन नाइट' पाचही प्रमुख पारितोषिकं घेऊन जाईल. तुम्ही त्याच्या कानात हे सांगू शकता. सांगून पाहा, त्या चालीत त्याला ते ऐकू येणार नाही.

आता एप्रिल १९८३, डोरोथी चँडलर पॅव्हिलियन. इथे तुम्ही थांबणारच, कारण कोल्हापूरच्या भानू अथैया आज इथे आहेत. अण्णासाहेब राजोपाध्यांची ही मुलगी जे. जे.मध्ये चित्रकला शिकली, फॅशनची रेखाटनं करता करता सिनेमात आली आणि आज 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलोसोबत नामांकित आहे. समारंभाला येताना गाडीत चित्रपटाचे लेखक त्यांना म्हणाले, मला वाटतं तुम्हाला मिळणार. इथे आल्यावर बाकीच्या वेशभूषाकारांनीही तेच सांगितलं. ही आठवण त्या पुढे मुलाखतींत सांगत. स्पर्धकच सांगताहेत की बक्षीस तुझं! आपल्याकडे एकांकिका स्पर्धेच्या विंगेत असं कोणी बोललं, तर आपण आधी त्याच्या पोटातला कावा शोधू.

पण ही मंडळी नम्रतेपोटी बोलत नव्हती. त्यांना मतदार ठाऊक होता. नामांकनं त्या त्या शाखेचे सदस्य करतात. वेशभूषेची पाच नावं कपड्यांची जाण असलेले लोक निवडतात. अंतिम मत मात्र अकादमीचा प्रत्येक सदस्य देतो: ध्वनिमुद्रक, संकलक, नट, सगळे. शिवण, कापड, काळाची अचूकता यांच्या खाचाखोचा त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर राहतो तो आवाका: खादी, वकिली सूट, लष्करी गणवेश आणि लाखोंची अंत्ययात्रा. स्पर्धेत 'ट्रॉन' होता, 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' होता, 'ला त्राव्हियाता' होता, 'सोफीज चॉइस' होता. हे सगळं एका बाजूला आणि ज्याला त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरायचं आहे तो दुसऱ्या बाजूला.

तो 'गांधी'च ठरेल, हे तरी आधी कसं कळावं? प्रेक्षकांनी 'ई.टी.'ला डोक्यावर घेतलं होतं. खरं सांगायचं तर आजही दोन्हींतला एक पुन्हा पाहायचा झाला तर माझा हात 'ई.टी.'कडेच जाईल. पण दिग्दर्शकांच्या गिल्डने रिचर्ड ॲटनबरोंना निवडलं होतं, आणि १९४८ पासून तोवर गिल्डचा दिग्दर्शक आणि ऑस्करचा दिग्दर्शक केवळ दोनदा वेगळे निघाले होते. गिल्डचे काही सदस्य ऑस्करचे मतदारही असतात. मतपेटी उघडण्याआधी त्यातल्या काही मतांचा आवाज असा बाहेर येतो, आणि कान असणाऱ्याला तो ऐकू येतो. 'गांधी'ने आठ पारितोषिकं नेली.

तुम्हाला आता जरा चव लागली आहे. मग उडी मारा आणि थेट दादरला उतरा. २५ मार्च २००२, सोमवार, सकाळचे सात. तिकडे कोडॅक थिएटरात रविवारची संध्याकाळ आहे. तिसऱ्या मजल्यावर टीव्हीपुढे चहाचे कप आले आहेत, आज आठ-चाळीसची लोकल सुटली तरी कोणाची तक्रार नाही. 'लगान' पाचांत आहे. 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे'नंतर इथवर पोचलेला तिसराच भारतीय चित्रपट, दिग्दर्शक आपला आशुतोष गोवारीकर आणि कपडे पुन्हा भानूताईंचे.

"येणारच," काका म्हणतात. "आमिर तिकडे ठाण मांडून बसलाय."

तुम्ही तोंड आवरायला हवं, पण आवरत नाही. "काका, 'नो मॅन्स लँड'ला मिळेल."

"तो कुठल्या देशाचा?"

"बोस्नियाचा."

काका तुमच्याकडे असं पाहतात, की जणू तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेला चपला घालून आला आहात. आतून काकू विचारतात, "कोण आलंय हो, अशुभ बोलणारं?"

तुमच्याकडे निकाल आहे, पण काकांना पटेल असं एकही कारण नाही. ते शोधायला बेव्हर्ली हिल्सला जा, काही आठवडे आधीच्या एका संध्याकाळी. अकादमीच्या सॅम्युएल गोल्डविन थिएटरात मऊ खुर्च्यांवर वयस्क सदस्य येऊन बसताहेत. परभाषिक चित्रपटाच्या या पारितोषिकाला तेव्हा वेगळा नियम होता: पाचही चित्रपट पडद्यावर पाहिल्याची नोंद असेल, तरच मत देता येई. घरी कॅसेट पाहून चालत नसे. ज्याचं चित्रीकरण सुरू आहे त्याला एवढी सवड कुठली? साहजिकच निवृत्त, निवांत मंडळींच्या हाती हा निकाल जाई, आणि नुसत्या नावाच्या गाजावाजावर मत देणारा आपोआप गळे. खरा फेव्हरिट फ्रान्सचा 'अमेली' होता, पाच नामांकनांचा. तोसुद्धा इथेच अडला.

तुमच्या शेजारच्या आजोबांनी 'लगान' पाहिला आहे, पावणेचार तास. आवडला. आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत राहतील, की लांबीने घात केला, गोऱ्यांना क्रिकेट कळलं नाही, इंग्रज हरलेले त्यांना पाहवले नाहीत. मला यातलं काहीच पटत नाही. लांबीची अडचण असती तर जगभरच्या ढिगातून तो पाचांत आलाच नसता. आजोबांना आज दिसतं ते असं: एका खंदकात दोन शत्रू, मधे एक माणूस सुरुंगावर आडवा पडलेला, हलला की सगळे संपले. दीड तासाहून जरा जास्त. बोस्नियाचं युद्ध ताजं आहे, न्यूयॉर्कचे मनोरे पडून पुरतं वर्षही झालेलं नाही. दिवे लागतात तेव्हा खोकल्याचाही आवाज नाही. डॅनिस तानोविचच्या याच चित्रपटाला कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं होतं, जानेवारीत गोल्डन ग्लोबही मिळाला होता. खुणा रस्त्यावर पडलेल्या होत्या. दादरमध्ये त्या कोणी उचलल्या नाहीत, कारण दादरमध्ये अंदाज चाललाच नव्हता, नवस चालला होता. नवसाला कारणं लागत नाहीत. दोन वर्षांनी 'श्वास' भारतातर्फे निघाला तेव्हा महाराष्ट्राने प्रचारासाठी लोकवर्गणीही काढली. चित्रपट नामांकनापर्यंत गेला नाही; वर्गणी देणाऱ्यांपैकी पश्चात्ताप झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता एकच मुक्काम. २६ फेब्रुवारी २०१७, न्यू जर्सीतलं एडिसन, एका मराठी घराचं तळघर. (भारतात उजाडलं आहे आणि मराठी भाषा दिनाचे मेसेज धो धो येताहेत.) साबुदाणा वडे, कागदी थाळ्या आणि प्रत्येकाच्या हातात चोवीस गटांची छापील यादी. माणशी पाच डॉलर, सर्वांत जास्त बरोबर त्याचा गल्ला. तुम्ही खेळत नाही, तेवढी लाज आहे. शेवटच्या गटापर्यंत मामा आणि सतरा वर्षांची भाची बरोबरीत आहेत. मामांनी जवळजवळ सगळ्या जगाबरोबर 'ला ला लँड'वर खूण केली आहे, चौदा नामांकनं. भाचीने 'मूनलाइट'वर.

"तुम्हाला काय वाटतं?" ती तुम्हाला विचारते.

"मूनलाइट."

"का?"

तुमची दातखीळ बसते. बाकी सगळं माहीत आहे, हेच नाही. ती मात्र वही उघडते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मतमोजणी २००९ च्या चित्रपटांपासून बदलली आहे: मतदार पसंतीक्रम लावतो, कोणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंत्या नसतील, तर ज्याला सर्वांत कमी तो बाद, आणि त्याची मतं त्या त्या कागदावरच्या पुढच्या नावाला. नऊ चित्रपट असले की अनेकांचा दुसरा-तिसरा लाडका भाव खातो. काहींचा अतिलाडका आणि काहींच्या डोक्यात जाणारा चित्रपट मधेच अडकू शकतो. शिवाय 'ला ला लँड'ला अभिनेत्यांच्या गिल्डने सर्वोत्कृष्ट कलाकारसंचाचं नामांकनही दिलं नव्हतं. 'मूनलाइट'ला दिलं होतं. आणि गेल्या वर्षी अकादमीने ६८३ नव्या सदस्यांना बोलावलं आहे, ते कोण आहेत पाहा.

"प्रोड्यूसर्स गिल्डही असंच मोजतं," मामा वडा तोडत म्हणतात, "आणि तिथे 'ला ला लँड' जिंकला."

"म्हणून तर साठ-चाळीस म्हणते, शंभर नाही म्हणत."

बारा वाजून गेले आहेत. वॉरन बीटी लिफाफा उघडतो, कार्डाकडे पाहतो, लिफाफ्यात पुन्हा बोट घालतो, फे डनवेकडे देतो. ती वाचते: 'ला ला लँड'. मामा हात वर करतात, नोटा मोजून खिशात घालतात. भाची निमूटपणे थाळ्या गोळा करू लागते. तुम्ही तिला खूण करता, थांब. ती बघत नाही. मंचावर भाषणं चालली आहेत, आणि त्यामागे हेडसेट लावलेला एक माणूस धावाधाव करतो आहे. बीटी-डनवेच्या हाती अभिनेत्रीच्या पारितोषिकाचा दुसरा लिफाफा गेला होता. प्रत्येक लिफाफ्याच्या दोन प्रती असतात, दोन बाजूंना दोन पेट्या. १९४१ पासून जपलेलं गुपित अशा रीतीने भर मंचावर सांडतं. जॉर्डन होरोविट्झ खरं कार्ड कॅमेऱ्यापुढे धरतो.

तळघरात कल्लोळ. भाची हात पुढे करून मामांसमोर उभी. मामा म्हणतात, जाहीर झालं तेव्हाच पैज संपली, लिफाफ्यात काय होतं त्याच्याशी आपला संबंध नाही, यादीवर असं कुठे लिहिलंय? कोणीतरी म्हणतं, अर्धे-अर्धे करा. कोणीतरी म्हणतं, पुढच्या वर्षी नियम आधी लिहून काढा. शेवटी मामी वरून खाली येतात.

"अहो, पोरीचे पैसे द्या आणि उरलेले वडे वर आणून ठेवा."