तिसरा आवाज

१९ सप्टेंबर १९८१ ची रात्र. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला एक मोठा कार्यक्रम नुकताच संपला होता. रंगमंचावरून उतरलेल्या दोन गायकांपैकी एकाला वाटत होतं, आज आपलं गाणं काही चांगलं झालं नाही. दुसऱ्याला आपण नेमकं काय करून आलो, हेच उमगलं नव्हतं. तो घरी गेला, त्यानं टीव्ही लावला. बातम्यांत त्यांचाच कार्यक्रम होता आणि तिथं आलेल्या माणसांच्या मुलाखती चालल्या होत्या. मग त्याच रात्री वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यानं पाहिली. तेव्हा कुठं त्याला कळलं, की आज जे घडलं ते साधं नव्हतं.

श्रोतेहो, या दोघांची नावं आर्ट गारफंकल आणि पॉल सायमन. त्या संध्याकाळी त्यांना ऐकायला सुमारे पाच लाख माणसं आली होती, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. तिकीट नव्हतं, त्यामुळं डोकी मोजण्याचा प्रश्नच नव्हता. आकडा थोडा इकडेतिकडे झाला, तरी तिथं मावेल तेवढं शहर लोटलं होतं, एवढं खरं.

मी हा कार्यक्रम ऐकला तो कॅसेटवर. इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळायचे, टाळ्या मात्र पूर्ण कळायच्या. त्या कॅसेटमध्ये दोन आवाज आहेत आणि त्यांच्यामागं एक तिसरा आवाज आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलं. कवितेच्या माणसाला हा तिसरा आवाज ओळखीचा असतो. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ म्हणतो, समोरचे ती उचलतात, 'मुकर्रर' म्हणतात आणि शायर ती पुन्हा म्हणतो. दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ एकट्या शायराची राहत नाही. आज मला या जोडीचा इतिहास सांगायचा आहे, तो या तिसऱ्या आवाजाच्या बाजूनं.

दोघांचा जन्म १९४१ चा. दोघंही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढलेले. प्राथमिक शाळेतल्या एका कार्यक्रमात आर्ट गायला आणि मुली त्याच्याकडं कौतुकानं पाहू लागल्या. ते पाहून पॉललाही गावंसं वाटलं, अशी आठवण पॉलनंच सांगितली आहे. म्हणजे या जोडीच्या मुळाशी गाणं जेवढं आहे, तेवढीच श्रोत्यांकडं लागलेली नजरही आहे. १९५३ मध्ये शाळेच्या नाटकात दोघं एकत्र आले. नाटक होतं 'अॅलिस इन वंडरलँड'. त्यात पॉल झाला होता ससा आणि आर्ट झाला होता मांजर.

त्यांचे आदर्श होते एव्हर्ली ब्रदर्स. दोन सख्खे भाऊ एकाच श्वासात गात. त्यांच्या तबकड्या ऐकून ही दोन मुलं स्वर जुळवायला शिकली. १९५७ मध्ये 'टॉम अँड जेरी' या नावानं त्यांनी 'हे, स्कूलगर्ल' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यांना टीव्हीवर बोलावणं आलं. वय वर्षं सोळा! पण लगेच पुढच्या वर्षी पॉलनं आर्टला न सांगता एकट्याची तबकडी काढली. ती काही चालली नाही. आर्टच्या मनात मात्र ती सल राहिली. पुढं कित्येक वर्षांनी, जगभर नाव झाल्यावरही, तो त्या गोष्टीविषयी बोलत असे.

१९६४ मध्ये सायमन आणि गारफंकल या खऱ्या नावांनी त्यांची पहिली लाँगप्ले तबकडी आली आणि पडली. पॉल इंग्लंडला गेला. तिथल्या छोट्या लोकसंगीत क्लबांमध्ये तो एकटा गिटार घेऊन गाऊ लागला. पबच्या माडीवर चाळीस-पन्नास माणसं, माइक असला तर असला. विडनेस नावाच्या गावाच्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना घरच्या ओढीचं एक गाणं त्याला सुचलं, असं सांगतात. इकडं न्यूयॉर्कमध्ये टॉम विल्सन या निर्मात्यानं पडलेल्या तबकडीतलं 'द साउंड ऑफ सायलेन्स' हे गाणं उचललं. दोघांनाही न विचारता त्यानं त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले. जानेवारी १९६६ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पॉल परत आला आणि जोडी पुन्हा जमली.

मग आली ती वर्षं, ज्यांच्या आठवणी जुने चाहते अधिक जपून ठेवतात. कॉलेजांची सभागृहं, रंगमंचावर दोन माणसं, एक गिटार, बस्स. २२ जानेवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तब्बल पस्तीस वर्षांनी, २००२ मध्ये बाजारात आलं. ते मिळवून ऐकावं. गाणं चालू असताना सभागृहात जी शांतता आहे, ती रिकामी शांतता नाही. माणसं कान टवकारून बसली आहेत, हे ऐकू येतं. गाणं संपल्यावर क्षणभर कुणी हलत नाही आणि मग टाळ्या येतात. कवी म्हणून सांगतो, त्या क्षणभराच्या स्तब्धतेची किंमत टाळ्यांपेक्षा मोठी असते.

१९६९ च्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात आयोवा राज्यातल्या एम्स या गावी एका विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम झाला. त्यात त्यांनी एव्हर्ली बंधूंचं एक जुनं गाणं म्हटलं. हजारो विद्यार्थ्यांनी त्यावर ठेका धरला. त्या हजारो हातांचा आवाज दोघांना इतका आवडला, की स्टुडिओत एकेका स्वरासाठी आठवडे घालवणाऱ्या या जोडीनं आपल्या १९७० च्या तबकडीत ते गाणं टाळ्यांसकट तसंच घेतलं. ती त्यांची एकत्र केलेली शेवटची स्टुडिओ तबकडी. त्या तबकडीवर तिसरा आवाज असा अक्षरशः नोंदला गेलेला आहे.

याच दौऱ्यात श्रोत्यांना एक नवीन गाणं ऐकायला मिळालं. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' त्यांनी आधी कुठंच ऐकलेलं नव्हतं. लिहिलं पॉलनं, पण गायचं एकट्या आर्टनं, साथीला पियानो. आर्ट आधी म्हणाला होता, तूच गा. पॉलनं आग्रह केला. आता कार्यक्रमात आर्ट ते गायचा, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि पॉल बाजूला उभा असायचा. त्याच्या मनात यायचं, अरे, हे गाणं माझं आहे! पुढं १९७२ च्या एका मुलाखतीत त्यानं हे कबूल केलं. श्रोत्यांचा यात काय दोष? त्यांनी मनापासून दाद दिली. पण एका माणसाला मिळालेली दाद शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या काळजात कशी उतरते, हे सभागृहातल्या काळोखातून दिसत नाही. १९७० मध्ये जोडी फुटली.

१९७२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या मदतीसाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक कार्यक्रम झाला. तिथं वेगळे झालेले कलावंत मुद्दाम एकत्र बोलावले होते, त्यांत हे दोघंही होते. गायले आणि पुन्हा आपापल्या वाटेनं गेले.

आता वळू त्या १९८१ च्या संध्याकाळीकडे. त्याआधीची काही वर्षं न्यूयॉर्कला फार वाईट गेली होती. १९७५ मध्ये तर शहराचं दिवाळं वाजण्याची वेळ आली होती. सेंट्रल पार्कचीही रया गेली होती. हिरवळीची माती झाली होती, भिंती रंगांनी बरबटल्या होत्या आणि अंधार पडल्यावर तिथं जायला माणसं धजत नसत. उद्यान सावरण्यासाठी १९८० मध्ये नागरिकांची एक संस्था उभी राहिली. त्याच उद्यानासाठी निधी उभारावा, म्हणून हा मोफत कार्यक्रम ठरला. सरावात दोघांची धुसफूस झालीच. आर्टला पूर्वीसारखी एकच गिटार हवी होती, पॉलला मोठा वाद्यवृंद. शेवटी वाद्यवृंद आला.

माणसं पहाटेपासून येऊ लागली. खुर्च्या, चादरी, खाण्याचे डबे असं सगळं घेऊन. पावसानं त्रास दिला, पण सुरुवातीच्या थोडं आधी तो थांबला. महापौर एड कॉच यांनी नावं पुकारली आणि दोघं आले. पॉलनं पोलिसांचे, अग्निशमन दलाचे, उद्यान खात्याचे आभार मानले. मग गर्दीत गांजाच्या विड्या विकणाऱ्यांचेही आभार मानले. ते म्हणे आपली निम्मी कमाई आज शहराला देणार होते! लोक खो खो हसले. 'द साउंड ऑफ सायलेन्स'मध्ये हजारोंच्या जमावाचा उल्लेख आहे. तो शब्द आला तेव्हा समोरच्या जमावानं आरोळी ठोकली. गाण्यातली ती माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, ही मात्र ऐकत होती. आतषबाजीला परवानगी मिळालेली नव्हती. तेव्हा पॉल म्हणाला, आपणच आपली आतषबाजी करू. मैदानभर लायटर पेटले.

पण त्या रात्रीचा एक क्षण वेगळा आहे. ८ डिसेंबर १९८० रोजी जॉन लेनन यांची त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली होती. मारणारा त्यांचा चाहताच होता. ते घर याच उद्यानाच्या कडेला, रंगमंचापासून चालत जाता येईल इतकं जवळ. घटनेला जेमतेम नऊ महिने झाले होते. पॉलनं त्या मृत्यूविषयीचं नवं गाणं पहिल्यांदाच म्हणायला घेतलं. ते संपत आलेलं असताना गर्दीतून एक माणूस धावत रंगमंचावर चढला आणि थेट पॉलच्या दिशेनं आला. त्याला पॉलशी काही बोलायचं होतं. पॉल दचकून मागं सरला. रखवालदारांनी त्या माणसाला बाजूला नेलं. पॉलनं गाणं पूर्ण केलं. नंतर आलेल्या तबकडीत हे गाणं नाही, चित्रफितीत आहे. मी तो भाग पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला. श्रोत्यांचं प्रेम ही केवढी मोठी आणि केवढी अनोळखी गोष्ट आहे! पाच लाखांच्या प्रेमात एखादा हात कशासाठी पुढं येतो आहे, हे गाणाऱ्याला कळत नाही. तरी त्याला गाणं पुरं करावं लागतं.

त्या रात्रीनंतर जगभर दौरे झाले. लोकांना वाटलं, जोडी परत आली. दोघं मिळून नवी तबकडी करणार, असंही ठरलं. आर्टनं आपला आवाज ध्वनिमुद्रित करायला सुरुवातही केली. पण ही गाणी माझ्या आयुष्याची, ती मीच गायला हवीत, असं पॉलला वाटलं. त्यानं आर्टचा आवाज पुसून टाकला. १९८३ मध्ये 'हार्ट्स अँड बोन्स' एकट्या पॉलच्या नावानं आली. पाच लाख माणसांनी एकत्र आणलेले दोन आवाज स्टुडिओच्या चार भिंतींत पुन्हा वेगळे झाले. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉलनं त्याच उद्यानात पुन्हा मोफत कार्यक्रम केला, तोही आर्टशिवाय.

२००३ साली पुन्हा एकदा दौरा निघाला. या वेळी मध्येच ते आपल्या पाहुण्यांना बोलवत. पाहुणे कोण? तर एव्हर्ली बंधू. तेही आयुष्यभर भांडलेले. १९७३ ते १९८३ अशी दहा वर्षं ते एकत्र गायलेच नव्हते. आता दोन भांडकुदळ जोड्या, चौघं म्हातारे, एका रंगमंचावर गात होते आणि समोर बसलेली माणसं आपलं तरुणपण आठवत होती. ३१ जुलै २००४ रोजी रोममध्ये, कोलोसियमच्या साक्षीनं झालेल्या कार्यक्रमाला सहा लाख लोक आल्याचा अंदाज सांगतात.

एप्रिल २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या महोत्सवात मात्र आर्टचा गळा साथ देईना. स्वरतंतूच्या दुखण्यानं आवाज फाटत होता. तो लोकांसमोर झगडत राहिला, पॉल सांभाळून घेत राहिला आणि लोक धीर देत राहिले. पुढचा दौरा रद्द झाला. त्यानंतर जोडीचा असा कार्यक्रम पुन्हा झाला नाही. २०२४ मध्ये आर्टनं एका मुलाखतीत सांगितलं, की दोघं जेवायला भेटले, जुन्या दुखऱ्या गोष्टी निघाल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा दोघंही त्र्याऐंशीच्या आसपास होते. त्या टेबलाशी एकही श्रोता नव्हता.

मला वाटतं, ते बरंच झालं. श्रोते खूप काही करू शकतात. पडलेलं गाणं ते उचलतात, अंधाराला भ्यालेलं उद्यान एका संध्याकाळपुरतं निर्भय करतात. गाणाऱ्याला स्वतःचं गाणं बेसूर वाटत असताना ते घरी जाऊन सांगतात, आज आम्ही काहीतरी ऐकून आलो. दोन माणसांमधलं अंतर मात्र त्यांना मिटवता येत नाही. ते त्या दोघांनाच, टाळ्यांविना पार करावं लागतं.

पण ज्यांनी १९८१ ची ती संध्याकाळ पाहिली, त्यांच्या आठवणीत हे अंतर नाहीच. तिथं दोन आवाज अजून एकच आहेत. गाणारे आपली भांडणं आठवत बसले, तेव्हा त्यांचं एकत्र असणं या लोकांनी सांभाळून ठेवलं. कॅसेट आता झिजली आहे. गाणं संपतं, फितीची खरखर ऐकू येते आणि मग दुरून, पावसाची सर यावी तशा टाळ्या येतात.