दक्षिणेपासून हॅकेथॉनपर्यंत

बोईसर-तारापूरचें नांव निघालें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें कारखान्यांचीं धुराडीं आणि १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र उभें राहतें. परंतु या भागांतील व पालघरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारीं मुलें आज निराळ्याच यंत्राच्या मागें लागलेलीं आहेत. महाजालावर चालणारें एखादें लोकोपयोगी साधन, ज्यास 'वेब ॲप' म्हणतात, तें ठराविक मुदतींत उभारावयाचें, परीक्षकांनीं तें पाहावयाचें आणि सरस ठरेल त्यास पारितोषिक द्यावयाचें, अशा चढाओढीस 'हॅकेथॉन' म्हणतात.

शब्द १९९९ सालचा. त्या वर्षीं जूनमध्यें कॅनडांतील कॅल्गरी येथें 'ओपनबीएसडी' या संगणकप्रणालीचे दहा कारागीर एकत्र जमून काम करीत बसले. तेथें बक्षीस नव्हतें, परीक्षकहि नव्हते; तीं दोन्हीं मागाहून आलीं. आपल्याकडे २०१७ सालीं केंद्रसरकारनें 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' आरंभिली. संगणकप्रणालीच्या अंतिम फेरींत सहा-सहांच्या तुकड्या सलग ३६ तास काम करतात, व प्रत्येक तुकडींत निदान एक विद्यार्थिनी असावी असा नियम आहे. प्रश्न मात्र सरकारी खातीं आणि उद्योगसंस्था घालून देतात.

महाराष्ट्रास ही तऱ्हा अगदींच अपरिचित नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे, आणि इंग्रजी अमलांतहि ती कांहीं रूपानें चालू राहिली. १८४९ सालीं सुधारक तरुणांनीं अर्ज केला कीं, या रकमेंतील कांहीं भाग उत्तम मराठी ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली. जोतीराव फुले त्या वेळीं सुधारकांच्या पाठीशीं उभे राहिले. पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली, आणि १८५५ सालीं जोतीरावांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून तिच्याकडेच धाडलें. भोळ्या कुणबी जोडप्यास नाडणाऱ्या जोशाचें तें नाटक! कमिटीनें तें नाकारलें. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनीं ही हकीकत सांगितली आहे. नाटक छापून निघावयास १९७९ साल उजाडलें. बक्षिसाच्या तत्त्वासाठीं जो माणूस उभा राहिला, त्याच्याच कृतीस बक्षिसाच्या दारांत प्रवेश मिळाला नाहीं.

म्हणून मला वाटतें, चढाओढींत उतरणारानें बक्षिसाची रक्कम विचारण्यापूर्वीं प्रश्न कोणी घातला आणि निवाडा कोण करणार, हें विचारावें. छत्तीस तासांची जागरणें तरुणांस सोसतात, त्याची काळजी नको. आजचे परीक्षक पक्षपाती आहेत असेंहि मी म्हणत नाहीं. पण कचेरींत बसून घातलेल्या प्रश्नांत सातपाटीच्या कोळ्याची होडी किंवा मोखाड्याच्या पाड्यावरील गरोदर बाई आपोआप येत नाहीं. तिला कोणीतरी आंत आणावें लागतें.

२००० सालीं अशीहि एक चढाओढ निघाली होती कीं, संपूर्ण संकेतस्थळ अवघ्या ५ किलोबाइटांत बसलें पाहिजे. त्या काळीं ती बरीचशी गंमत होती. जव्हारच्या डोंगरांत जेथें मोबाइलची रेंज मध्येंच तुटते, तेथील आरोग्यसेविकेसाठीं कोणी असलीच अट आज घातली, तर तिचें मर्म बोईसरच्या मुलांस दिल्लीच्या परीक्षकाआधीं उमगेल.